मी ड्युटीवर नव्हते

निघायच्या सकाळी पप्पांनी माझ्या बॅगेला लेबल बांधलं. कारखान्यात ड्रमला बांधतात तसलं, जाड पुठ्ठ्याचं, भोकातून सुतळी ओवलेलं. त्यावर निळ्या मार्करनं माझं पूर्ण नाव, खाली ‘सरावली, बोईसर’ आणि त्याखाली ‘ट्रेनिंग’. पप्पा तीस वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ऑपरेटर होते. लेबल नसलेली वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी संकट. आमच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ असं लिहिलेलं आहे.

बॅग मात्र त्यांना पटली नव्हती. “कंपनी ट्रेनिंगला पाठवते आणि ही डोंगर चढायची बॅग? सुटकेस घे ना. साहेब लोक काय म्हणतील?” मी म्हणाले, तिकडे सगळे हीच वापरतात. त्या दिवशी मी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

आई बिल्डिंगच्या फाटकापर्यंत आली. तिनं शेंगदाण्याची चटणी दोन डब्यांत दिली होती, एक माझ्यासाठी आणि एक माझ्या साहेबांसाठी. पप्पा रिक्षातून बोईसर स्टेशनपर्यंत आले, बॅग मला उचलू दिली नाही, आणि प्लॅटफॉर्मवर उभं राहून सूचना दिल्या. “मशीनबद्दल काही विचारायचं असलं तर आधी ऑपरेटरला विचार, मग साहेबाला. सेफ्टी शूज दिल्याशिवाय प्लांटमध्ये पाय ठेवू नको. आणि काम सोडून इकडंतिकडं फिरू नको.” मी मान डोलावली. गाडी सुटल्यावर ते तिथंच उभे होते, हात वर केलेला, आणि मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं. सुटले एकदाची, असं वाटत होतं.

ट्रेनिंग नव्हतंच. औषधांच्या ज्या कारखान्यात मी चार वर्षं क्वालिटीच्या लॅबमध्ये होते तिथला राजीनामा देऊन मला महिना झाला होता. त्या महिन्यात मी रोज डबा घेऊन घरातून निघत होते आणि पालघरला एका मैत्रिणीच्या खोलीवर बसून नकाशे बघत होते. साठवलेल्या पैशात पाच महिने व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड फिरायचं, एकटीनं, असं ठरवलं होतं. घरी सांगितलं, आमची कंपनी व्हिएतनामला नवा प्लांट टाकतेय, त्यासाठी निवडलंय. पप्पा माझ्या डिपार्टमेंटला पेढे घेऊन निघाले होते. मी त्यांना म्हटलं, अजून कुणाला सांगायचं नाहीये, दुसऱ्या कंपन्यांना कळेल. त्यांना ते लगेच पटलं. कारखान्याची गुपितं ते फार मानायचे.

खोटं का बोललीस, असं कुणी विचारेल. आमच्या घरात कुठं जायचं म्हटलं की पप्पांचा पहिला प्रश्न, “काम काय?” लग्न, मयत, परीक्षा, नोकरी, ही कामं. फिरणं हे काम नव्हे. त्यांनी स्वतः धुळ्याकडच्या गावाहून बोईसरला येणं हा एकच प्रवास केला होता, आणि तो कामासाठीच. मी एकदा मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचं काढलं तर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्यामुळे खरं सांगितलं असतं तर नाही म्हणाले असते, असं मी स्वतःला समजावलं. आता वाटतं, नाही म्हणाले असते, आठ दिवस बोलले नसते, मग नवव्या दिवशी लेबल लिहायला बसले असते. ते मी कधी बघितलंच नाही, कारण त्यांना तशी संधीच दिली नाही.

गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या मुलीनं मला विचारलं, ताई, बॅकपॅकिंग कसं करायचं, सांग ना. मी तिला व्हिसा, हॉस्टेल, पावसाळी जॅकेट, सगळं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. ते तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या निघू बघणाऱ्यांसाठी इथं लिहिते आहे.

आधी हे कबूल करायला हवं की मी फार सुखात होते. हनोईच्या हॉस्टेलात आठ जणींच्या खोलीत मला वरचा बंक मिळाला होता. पडदा ओढला की आत एक दिवा, एक प्लग आणि मी. आयुष्यात पहिल्यांदा मला एकटीला एवढी जागा मिळाली होती, आणि ती फळीएवढी होती. खालच्या बंकवर एक डच मुलगी होती. तिनं विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हटलं, माहीत नाही. ती “छान” म्हणाली आणि झोपली. काम काय, कुणाबरोबर, परत कधी, यातलं काहीच नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी पडद्याआड तोंडावर हात ठेवून हसले.

लाओसमध्ये मेकाँग नदीवरून दोन दिवस बोटीनं गेले. बोटीत गाड्यांच्या जुन्या सीटा ठोकलेल्या होत्या, कोंबड्या होत्या, तांदळाची पोती होती. एका म्हातारीनं मला चिकट भात केळीच्या पानात दिला, मी तिला आईची चटणी दिली. तिनं बोट चाटून आणखी मागितली. साहेबांसाठीचा डबा असा त्या बोटीत संपला.

व्हिएतनामच्या किनाऱ्यावर एका गावात बायका बांबूच्या तट्ट्यांवर मासळी वाळवत बसल्या होत्या. वास आला आणि मला क्षणभर बोईसरजवळच्या घिवलीच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटलं. घिवलीहून आमच्याकडे एक मावशी मासळी घेऊन येते, वीस वर्षं येते आहे. आम्ही मूळचे खानदेशातले, मासे फारसे न खाणारे. तिनंच आईला बोंबील साफ करायला शिकवलं, आणि ‘हाय’, ‘नाय’ही आई-पप्पा तिच्याकडूनच उचलून बसले. त्या तट्ट्यांपाशी उभी राहून मी मावशीसाठी फोटो काढला. पाठवता मात्र आला नाही. ट्रेनिंगला गेलेली मुलगी सुकी मासळी बघत काय फिरते?

रविवार हा फोनचा दिवस. त्याची तयारी मी शनिवारपासून करायचे. हॉस्टेलात कपडे धुवायच्या खोलीची भिंत पांढरीशुभ्र होती, तिच्यापुढे उभी राहायचे, केस बांधायचे, जुन्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालायचे. थायलंडला एका स्वयंपाकाच्या वर्गाला गेले होते, तिथं पांढरा कोट आणि टोपी दिली होती. तो फोटो खालची कढई कापून मी घरी पाठवला. पप्पांनी तो छापून भिंतीवर लावला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. आई नुसतं “काय करतेस?” म्हणाली तरी मी गळ्यातलं ओळखपत्र सरळ करायचे.

आईचं एक वेळ निभावता यायचं. पप्पांचं अवघड. ते विचारायचे ते नेमकं. “रिअ‍ॅक्टर किती लिटरचा हाय?” आमच्याकडचा रिअ‍ॅक्टर म्हणजे अणुवीज केंद्रातला नव्हे, रसायनं तापवायची मोठी बंद टाकी, पप्पांनी जन्मभर तीच सांभाळली. “वाफेची लाइन वरून हाय का खालून? शिफ्ट बदलताना लॉगबुकवर सही घेतात का?” मी इंटरनेटवर वाचून उत्तरं द्यायचे. ते वहीत लिहून घ्यायचे. आपली मुलगी आपल्याच लाइनीत, पण आपल्या चार पायऱ्या वर, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या आवाजात मला तो आनंद ऐकू यायचा आणि मी फोन ठेवल्यावर समुद्रावर पोहायला जायचे.

मग अडीच महिन्यांनंतर एका रविवारी पप्पा फोनवर आले नाहीत. आई म्हणाली, डबल ड्युटी पडलीय. पुढच्या रविवारी म्हणाली, नुकतेच झोपलेत. त्याच्या पुढच्या रविवारी, बाजारात गेलेत.

मला काय वाटलं, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं. आता रिअ‍ॅक्टरचं वाचायला नको, वाफेची लाइन नको. आईशी पाच मिनिटं बोललं की झालं. सलग अकरा रविवार माझा बाप फोनवर आला नाही, आणि मी एकदाही ठणकावून म्हटलं नाही की पप्पांना उठव, मला त्यांच्याशी बोलायचंय.

खुणा दिसत होत्या. एकदा आईच्या मागं भिंतीला काठी टेकवलेली दिसली. मी विचारलं, ही कुणाची? आई म्हणाली, शेजारच्या काकांची राहिलीय. एकदा घिवलीची मावशी मधेच पडद्यावर आली. आपलं सुपासारखं मोठं तोंड फोनला चिकटवून म्हणाली, “कवा येतेस गो बाय? लवकर ये आता, बस झालं.” आईनं फोन ओढून घेतला. मी म्हटलं, मावशीला काय झालं? आई म्हणाली, काय नाय, तिला तुझी आठवण येते. त्या दिवशी मला व्हिएतनाममधल्याच होई आन गावाला जायची बस पकडायची होती. बस खाली उभी होती. मी “बरं, ठेवते” म्हणाले. ती बस चुकली असती तर दुसरी दोन तासांनी होती. मी हे पुन्हा पुन्हा मोजते. दोन तास होते माझ्याकडे.

ठरल्याप्रमाणे पाच महिन्यांनी मी परत आले. स्टेशनवर कुणी नव्हतं. आईनं आधीच सांगितलं होतं, रिक्षा करून ये. मला वाटलं, पप्पा शिफ्टला असतील. दुपारचे बारा वाजले होते. दार उघडंच होतं. खिडकीजवळ पूर्वी नसलेली लोखंडी खाट होती आणि तिच्यावर पप्पा. उजवा हात उशीवर ठेवलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. दाढी आईनं केलेली असणार, कारण गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. मला बघून त्यांनी आवाज काढला. तो शब्द नव्हता. मग ते रडायला लागले, आणि पाठीवरची बॅग काढायचंही मला सुचेना.

पॅरालिसिस होऊन अकरा आठवडे झाले होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा पिताना कप हातातून पडला. आईनं आणि मावशीनं त्यांना रिक्षात घातलं. पालघरला दवाखान्यात बारा दिवस होते. मावशीनं आपला धंदा सोडून ते बारा दिवस आईला सोबत केली. घरी आणल्यावर आई त्यांना उठवायला, बसवायला, भरवायला, धुवायला शिकली. मी ऐकत होते आणि माझ्या तोंडून एकच निघत होतं, “मला का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं?”

आईनं माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं. “तू ड्युटीवर होतीस ना!” ती म्हणाली. “ड्युटीवरच्या माणसाला कसं सांगायचं?”

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. मी तिसरीत असताना आम्ही कामगारांच्या बैठ्या खोल्यांच्या रांगेत राहायचो. तिथल्या एका काकांना, ते प्लांटमध्ये असताना, गेटवरून कुणीतरी निरोप दिला की गावाकडे तुमची आई गेली. काका म्हणाले, टाकीतली बॅच उतरवतो नि निघतो. ते परत आत गेले आणि त्यांनी भलताच व्हॉल्व्ह उघडला. कोपरापर्यंत दोन्ही हात भाजले. तेव्हापासून आमच्या रांगेत बायकांनी ठरवूनच टाकलं, ड्युटीवरच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. शिफ्ट सुटेपर्यंत थांबायचं. गावाहून माझे आजोबा गेल्याचा निरोप आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि पप्पा तीनला सुटणार होते. आई मला घेऊन गेटसमोरच्या नाल्यावरच्या मोरीवर चार तास छत्री धरून बसली. सुटून येणारे कामगार आमच्याकडे बघून पाय उचलून निघून जायचे. गेटबाहेर बसलेली बाई म्हणजे कुणाच्या तरी घरी काहीतरी झालंय, हे सगळ्यांना माहीत असायचं. जो तो आधी बघून घ्यायचा, आपली तर नाही ना. पप्पा बाहेर आले, आम्हाला बघितलं, आणि काही विचारण्याआधीच त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

तर आई अकरा आठवडे माझ्यासाठी तशी मोरीवर बसली होती. माझी शिफ्ट सुटायची वाट बघत. परदेशात, नव्या प्लांटवर, अनोळखी मशीनपुढे उभी असलेली पोर, तिचा हात कापला तर? पप्पांचंही तेच म्हणणं होतं, असं आई म्हणाली. त्यांना बोलता येत नव्हतं, पण रविवारी फोन वाजला की ते डावा हात हलवून नको, नको अशी खूण करायचे.

आठ दिवस मी गप्प राहिले. लोक भेटायला यायचे. पप्पांचे कारखान्यातले सोबती यायचे, कुणी युपीचा, कुणी बिहारचा, आणि म्हणायचे, “बेटी आ गयी, अब ठीक हो जाओगे.” आई प्रत्येकाला सांगायची, तिला कळवलंच नाही आम्ही, तिचं एवढं मोठं ट्रेनिंग होतं. हे सांगताना तिची मान ताठ व्हायची. एवढं मोठं ओझं आपण एकटीनं उचललं आणि लेकीच्या कामात खंड पडू दिला नाही, हा तिचा अभिमान होता. बाकी काहीच उरलं नव्हतं तिच्याकडे. भिंतीवर माझा पांढऱ्या कोटातला फोटो होता आणि त्याच्याखाली पप्पांची खाट.

नवव्या दिवशी आई भाकरी थापत होती. मी ओट्यापाशी उभी राहून सांगून टाकलं. ट्रेनिंग नव्हतं. नोकरी आधीच सोडली होती. मी नुसती फिरत होते. तो कोट स्वयंपाकाच्या वर्गातला आहे.

तिचे हात थांबले. मला वाटलं ती ओरडेल, पीठ फेकेल, निदान रडेल. तिनं बोटांचं पीठ परातीत झाडलं. मग तिनं विचारलं, अगदी हळू, खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं, “म्हंजे सांगता आलं असतं?”

मी हो म्हणाले.

“आणि तू आली असतीस?”

“दुसऱ्या दिवशी.”

तिनं मान हलवली आणि भाकरी थापायला लागली. ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाली, “रविवारी तुझा फोन यायच्या आधी मी तोंड धुवायची. पावडर लावायची. तुला कळू नये म्हणून.” एवढंच. त्यानंतर त्या विषयावर ती आजतागायत बोललेली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. त्या पावडरीचं मी काय करू, हे मला अजून कळलेलं नाही.

पप्पांना सांगू नको, असं आईचं म्हणणं होतं. त्यांना तेवढा एक आधार आहे, तो राहू दे. महिनाभर मी तिचं ऐकलं. पण रोज त्यांचा पाय चोळताना ते त्या फोटोकडे बघायचे आणि माझ्याकडे बघून मान डोलवायचे, आणि ते मला सहन होईना. एका सकाळी व्यायाम झाल्यावर मी खाटेवर बसून सगळं सांगितलं. बोटीचं, कोंबड्यांचं, मासळीचंही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी ते माझ्या हातून जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं भरवलं. तिसऱ्या दिवशी मी चमचा पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. पुढं महिन्याभरानं त्यांची जीभ थोडी वळायला लागली, तेव्हा एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कष्टानं एक शब्द काढला. “काम?” म्हणजे, काम काय होतं तिकडं. मी म्हटलं, काहीच नव्हतं पप्पा. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला क्षमा केली की नाही, ते मी विचारलेलं नाही. विचारायचा मला हक्क नाही, असं वाटतं.

सगळे म्हणतात, तू असतीस तरी काय झालं असतं? अटॅक यायचा तो आलाच असता. खरं आहे. पण आईनं दवाखान्यात बारा दिवस बाकावर बसून जेवणाचा डबा मावशीबरोबर अर्धा अर्धा खाल्ला, तिथं मी असते. पप्पांनी पहिल्यांदा पाय टेकवला तेव्हा दुसरा खांदा माझा असता. मी त्या दिवशी कुठं होते, हे मी फोनमधल्या फोटोंच्या तारखा लावून शोधून काढलं आहे. कंबोडियात नदीकाठी होते. हातात नारळ आहे आणि मी हसते आहे. फार सुंदर फोटो आहे. तो मी पुसलेला नाही.

नंतर दोन वर्षं मी सरावलीतच राहिले, बोईसरच्याच एका लॅबमध्ये लागले. पप्पा काठीवर चालायला लागले, मोडकंतोडकं बोलायला लागले. मग मलेशियात पिनांगला एका औषधांच्या कारखान्यातली नोकरी आली. या वेळी नेमणुकीचं पत्र मी टेबलावर ठेवलं. पप्पांनी डाव्या हातानं ते धरून अक्षरन् अक्षर वाचलं, कंपनीच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. निघताना सुटकेस घेतली. आईला एकच गोष्ट बजावली. माझ्या डिपार्टमेंटचा लँडलाइन नंबर मी ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर लावला आणि म्हटलं, काहीही झालं तरी त्याच क्षणी सांगायचं. मी ड्युटीवर असले तरी. आई “बरं” म्हणाली. पण तिचा चेहरा मला ओळखू येतो. तिला ते पटलेलं नव्हतं. तीस वर्षांची सवय, कागद चिकटवून थोडीच जाते!

इथं पिनांगमध्ये मला एक खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, कोपऱ्यावर तमिळ बाईची इडली मिळते. हॉस्टेलात उतरणारी पोरं पाठीवर बॅगा टाकून रस्त्यानं जाताना दिसतात. मला त्यांचा राग येत नाही. थोडा हेवा वाटतो आणि लगेच त्याची लाज वाटते. इथले लोक विचारतात, तुझं घर कुठं? पूर्वी मी बोईसर म्हणायचे, मग मुंबईजवळ असं समजावून सांगायचे. आता मनात वेगळंच उत्तर येतं. आपण बोललेलं खरं धरून जिथली माणसं आपलं जगणं मांडतात, ते घर. माझं खोटं खरं धरून दोन माणसांनी अकरा आठवडे काढले. आणि जिथली वाईट बातमी आपल्याला वेळेवर कळते, ते घर. त्या अकरा आठवड्यांत मला घर नव्हतं. ते मीच घालवलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता.

गेल्या मंगळवारी मी लॅबमध्ये वजनं घेत होते. तिथं मोबाइल चालत नाही. सुपरवायझर आत येऊन म्हणाली, तुझ्या घरचा फोन आहे, लँडलाइनवर. आमच्या घरून त्या नंबरावर कधीच फोन आलेला नव्हता. हातातली बशी खाली ठेवताना पावडर सांडली, आणि ती तशीच टाकून मी फोनकडे निघाले. त्या काकांनी भलताच व्हॉल्व्ह कसा उघडला असेल ते मला त्या दहा पावलांत कळलं. आमच्या रांगेतल्या बायका काही वेड्या नव्हत्या.

“पप्पा बाथरूममधे पडले,” आई म्हणाली. “कपाळाला खोक पडलीय. शुद्धीवर हायेत. मावशी बसलीय त्यांच्याजवळ, डॉक्टर येतोय.”

मागून पप्पांचा आवाज येत होता. जड, ओढत ओढत, पण शब्द कळत होते. “ड्युटी... ड्युटीवर हाय ती... नको...”

“असू दे ड्युटीवर,” आई त्यांना म्हणाली. “तिला सांगायचंय.”

मी विचारलं, कधी पडले?

“आत्ताच. आधी रक्त पुसलं,” ती म्हणाली, “आणि मग तुला फोन लावला.”